वाढीला ठेवलेलं कापड

माणूस खोटं बोलतो, टेप बोलत नाही. चाळीस वर्षं औरंगपुऱ्यातल्या एका बोळात टेप गळ्यात घालून उभा राहिलो, त्यातून मिळालेली विद्या एवढीच. दुकानात येणारा प्रत्येक पुरुष पोट आत ओढूनच माप देतो. मग मी त्याला मुद्दाम पीकपाण्याचं विचारतो. तो उत्तर द्यायला तोंड उघडतो, श्वास सुटतो, पोट जागेवर येतं आणि मी आकडा लिहून घेतो. फुलंब्रीकडचे एक बागायतदार दर वर्षी सफारी शिवायला यायचे आणि दर वर्षी सांगायचे, "मास्तर, मागच्याच मापानं टाका, काय फरक नाय पडला." मी "व्हय व्हय" म्हणायचो आणि दोन इंच वाढवून शिवायचो. घालून बघितल्यावर गडी खूश. "बघा, म्हनलं नव्हतं का!" त्या दोन इंचांचं श्रेय मी कधी मागितलं नाही.

आता दुकान बंद केलंय. डोळे साथ देत नाहीत. दिवाळी अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक, ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या नामांकित गिऱ्हाइकांवर लिहा." नामांकित पुष्कळ झाले. छाती फुगवून दिसेल असा कोट मागणारे झाले, हळद लागल्यावर शेरवानी शिवायला कन्नडहून जीप करून आलेले नवरदेव झाले. पण मापांच्या जुन्या वह्या काढून बसलो तेव्हा हात एकाच नावापाशी थांबला. त्या नावापुढं सोळा वर्षांची मापं आहेत आणि प्रत्येक माप आधीच्यापेक्षा कमी आहे. छाती चाळीसपासून सुरू होते आणि एकतीसवर संपते. शिंप्याच्या वहीत असं सहसा नसतं. माणूस वाढत जातो, यावर तर आमचा धंदा चालतो.

हे नीट कळायला आमच्या कामातली एक गोष्ट सांगावी लागेल. घरातला एखादा शिवलेला सदरा उलटा करून बघा. बाजूच्या शिवणीच्या आत थोडं कापड जादा सोडलेलं दिसेल. त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. माणूस अंगानं भरला की शिवण उसवायची, आतलं कापड मोकळं करायचं, की कपडा पुन्हा अंगाला येतो. रेडिमेडवाले हे कापड वाचवतात, म्हणून त्यांचा कपडा एका वाढदिवसापुरता असतो. माझे उस्ताद करीमभाई सिटी चौकात बसायचे. पहिल्याच दिवशी माझ्या हातात कात्री देताना ते म्हणाले होते, "सुन बेटा, जिंदे आदमी का कपडा है तो मार्जिन छोडना. जिसमें मार्जिन नई छोडते, वो एकीच कपडा है. कफन." ते मी मनावर कोरून घेतलं. मार्जिनशिवाय कपडा म्हणजे गिऱ्हाइकाचं वाईट चिंतणं, अशी माझी पक्की समजूत झाली.

तर एक दिवस दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तपकिरी रंगाचा पायघोळ झगा घातलेला उंच माणूस उतरला. पाठीवर टोपी लोंबत होती, कमरेला पांढरा दोर. समोरचा चहावाला ओरडला, "मास्तर, नाटकवाले आले बघा!" त्या माणसानंच हसून हात जोडले. म्हणाले, "नाटक नाही, कायमचं आहे. मी फादर अंब्रोज."

फादर मूळचे वसईकडचे. कॅथलिक धर्मात संन्यासी साधूंचे संघ असतात, त्यांतल्या एका संघाचे ते साधू. शुद्ध मराठी बोलायचे, मधूनच आमच्याकडचं 'लई' टाकायचे आणि स्वतःच त्यावर खूश व्हायचे. त्यांनी पिशवीतून असाच दुसरा झगा काढून माझ्या टेबलावर पसरला. मी आयुष्यात इतकी ठिगळं एका ठिकाणी पाहिली नव्हती. कोपरावर ठिगळ, त्या ठिगळावर ठिगळ.

"हा जमेल का दुरुस्त करायला?"

"फादर, याच्यात दुरुस्त करायला मूळ कापड कुठं राहिलंय?" मी म्हणालो. "नवा शिवा."

"टाकून कसा देऊ? माझा नाही तो. संघाचा आहे, मला फक्त घालायला दिलाय."

दुसरा कुणी असता तर मी त्याला रफूवाल्याचं दुकान दाखवलं असतं. पण मी बौद्ध घरातला माणूस. विहारातल्या भन्तेजींची अंगावरची वस्त्रं, म्हणजे चीवरं, मी शिवत आलो होतो. चीवर अखंड कापडाचं नसतं. कापड आधी कापून तुकडे करायचे आणि मग जोडायचे, म्हणजे त्याला बाजारात किंमत राहत नाही आणि मनात हाव राहत नाही. हा माणूस दुसऱ्या वाटेनं त्याच विहिरीवर आलेला दिसत होता. मी झगा ठेवून घेतला.

पुढं त्यांच्या संघानंच त्यांना नवा झगा शिवायला सांगितलं. वरिष्ठांचं ऐकायचं हेही त्यांचं एक व्रत. कमरेच्या दोराला तीन गाठी असतात, तीन व्रतांच्या. स्वतःचं काही ठेवायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, आज्ञा पाळायची. मी माप घेतलं, छाती चाळीस. खिसे कुठं द्यायचे विचारलं तर म्हणाले, खिसा नसतो. मग त्यांनी माझ्या टेबलावरचा एक उसवलेला कोट पाहिला आणि आतलं दुमडलेलं कापड बोटानं चाचपून विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं.

"मग माझ्यात नका ठेवू, मास्तर. जादा कापड कापून घ्या, कुणाच्या पोराची चड्डी होईल. उद्या लागेल म्हणून आज अंगावर बाळगायचं, हे मला नको."

मी "बरं" म्हणालो. आणि ते गेल्यावर नेहमीपेक्षा दुप्पट मार्जिन सोडून झगा कापला. बाजूला, बाह्यांत, खालच्या दुमडीत, जिथं मावेल तिथं. चांगल्या माणसाला कफन शिवून द्यायला माझे हात तयार होईनात. गिऱ्हाइकाच्या शब्दाबाहेर जाऊन चोरून कापड जादा घातलेला शिंपी या शहरात तरी मी एकटाच असेन. कापड वाचवून खिशात घातलेले भरपूर आहेत.

त्या काळात फादर फुलंब्रीच्या आसपासच्या गावांत फिरत होते. सकाळी जवान माणसं एसटीनं, जीपनं शहरात कामाला जायची. घरात मागं राहायचं एखादं अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस, उशाशी तांब्या आणि दिवसभर छताकडं बघणं. फादर अशा एकाजवळ जाऊन बसू लागले. औषध नाही, उपदेश नाही, नुसते बसायचे. कूस बदलून द्यायचे, पाणी पाजायचे. पण म्हाताऱ्या बायकांचं काय? त्यांना धुणं-पुसणं परक्या पुरुषाकडून कसं करवून घेणार? तेव्हा कन्नडकडची एक विधवा बाई पुढं आली. ती दवाखान्यात आया म्हणून काम केलेली, ख्रिस्ती घरातली. तिचं नाव सुशीला. मग आणखी दोघी आल्या. फादरांनी त्यांचा मिळून एक संघ काढला, 'सोबतीच्या भगिनी'.

संघ काढणं म्हणजे बोर्ड लावणं नव्हे, हे मला फादरांकडून कळलं. चर्च वर्षानुवर्षं बघतं. या बायका टिकतात का, भांडतात का, कंटाळतात का. मग कधीतरी बिशप मान्यता देतात आणि तेव्हाच आजन्म व्रतं घेता येतात. तोवर सगळं कच्च्या शिलाईवर. त्यांचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. ज्या घरी जायचं तिथं असेल ते खायचं, नसेल तर तसंच राहायचं. आणि त्या घरातल्या माणसाचा देव तोच त्या दिवसापुरता घराचा देव.

त्यांच्या पोशाखासाठी फादर माझ्याकडं आले. झगा नको म्हणाले, झगा बघून म्हातारी घाबरेल. साधी राखाडी सुती साडी, लांब बाहीचा झंपर आणि उजव्या बाहीवर तपकिरी पट्टी, दोन बोटं रुंद, वीतभर लांब. मी कापडाचा नमुना काढायला उठलो तर त्यांनी तो जुना ठिगळांचा झगा पुढं केला. वरिष्ठांची परवानगी काढून आणली होती.

"यातून कापा."

"फादर, हे विरलंय."

"म्हणूनच. नवं कापड कुणीही आणील. हे कुणीतरी घालून झिजवलेलं आहे. बाईनं कामाला जाताना ते बाहीवर बघावं."

मी कात्री चालवली. तिघींसाठी तीन पट्ट्या कापल्या, त्यांतल्या एकीवर माझंच ठिगळ होतं; उरलेलं कापड पुढच्यांसाठी ठेवलं. पहिल्या दिवशी अंगावर होता तो झगा त्यांनी नवा मिळताच संघाला परत केला होता, त्यामुळं आता फादरांकडं अंगावरचा एकच राहिला, मी शिवलेला. तो फाटला की माझ्याकडं यायचे, मी शिवेपर्यंत स्टुलावर पलंगपोस गुंडाळून बसायचे. गिऱ्हाइकं चमकून बघायची. एका वकीलसाहेबांनी विचारलं, "हे कोण?" फादरच म्हणाले, "ट्रायलला बसलोय." त्या बसण्यात मी सवयीनं माप घ्यायचो. एकोणचाळीस. अडतीस. छत्तीस. "फादर, जेवता का नाही?" म्हटलं की ते विषय बदलून माझ्या आईची चौकशी करायचे.

आईवरच आता यायला हवं. ती फुलंब्रीजवळच्या गावी असायची, शहरात तिला करमायचं नाही. पडली, खुबा मोडला, अंथरुणाला लागली. नेमकी लग्नसराई. दुकानात कपड्यांचा ढीग, आणि मी, तिचा एकुलता एक मुलगा, रोज म्हणत होतो उद्या जातो. फादरांनी काही न विचारता सिस्टर सुशीलाला पाठवलं. भावकीतल्यांनी मला फोन केले, "मास्तर, म्हातारीला बाटवतील बरं का." माझ्याही मनात किंतु आला, खोटं का सांगू. एका संध्याकाळी न सांगता गेलो. दारातून बघितलं तर सिस्टर आमच्या भिंतीवरच्या तसबिरी ओल्या फडक्यानं पुसत होती. बुद्धाची झाली, बाबासाहेबांची झाली. मग तिनं दोन मेणबत्त्या लावल्या आणि आईचे दोन्ही हात स्वतःच्या हातांनी जोडून धरले, कारण आईच्यानं ते उचलत नव्हते. आई पुटपुटत होती, "बुद्धं सरणं गच्छामि". सिस्टर मान खाली घालून गप्प उभी होती.

मला बघून आई म्हणाली, "आलास व्हय? ही पोरगी लई गुणाची हाय रं. रोज दिवा लावती, इसरत नाय."

सिस्टर म्हणाली, "मास्तर, वो, चहा घेता का? साखर नाय पर."

आई चार महिन्यांनी गेली, तेव्हाही तिच्याजवळ सिस्टरच होती. मी सूट शिवत होतो. कुणाच्या लग्नाचा होता ते आता आठवतही नाही. ही गोष्ट तशीच लिहून ठेवतो.

वर्षं गेली. दुकानाच्या पाटीवर औरंगाबाद होतं, त्याचं छत्रपती संभाजीनगर झालं. सोबतीच्या भगिनी तिघींच्या दहा झाल्या, त्यांच्या हाताखाली आणखी सात नव्या शिकत होत्या. जुन्या झग्यातलं कापड दहाव्या पट्टीला संपलं. आणि त्याच वर्षी बिशपांची मान्यता आली. एका रविवारी जुन्या दहा जणी आजन्म व्रतं घेणार होत्या आणि नव्या सात जणींना पट्टी मिळणार होती. ज्यासाठी फादर झिजले तो दिवस आला, आणि फादर अंथरुणाला लागले. पोटातलं दुखणं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. भगिनींच्या घरी एका खाटेवर ते पडून होते आणि सिस्टर सुशीला त्यांची कूस बदलून देत होती.

मला बोलावणं आलं. गेलो तर खाटेवर फादर नव्हतेच जणू, नुसता झगाच पसरल्यासारखा दिसत होता. ते म्हणाले, "मास्तर, सात पट्ट्या हव्यात. हाच कापा. मला एक पांढरा सदरा शिवा, जायला तेवढा पुरे."

त्यांच्या मठाचे प्रमुख शेजारी बसले होते. ते हळू पण ठाम बोलले, "नाही, अंब्रोज. तू यांचा असशील, पण आधी आमचा आहेस. आपल्यातला माणूस झग्यातच मातीत जातो. झगा कापायचा नाही."

फादरांचा हात कमरेच्या दोराकडं गेला आणि तिसऱ्या गाठीवर थांबला. आज्ञेची गाठ. सिस्टर सुशीला तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाजारातून आणावं का वो कापड? पर मग आमची येगळी आन् ह्या पोरींची येगळी. दोन जाती व्हतील आमच्यात." फादर माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, दुखतंय म्हणून.

परत येताना स्कूटर फुलंब्रीच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. समोरच्या ट्रॉलीत ऊस दोऱ्यांबाहेर लोंबत होता. त्या जादा लोंबणाऱ्या उसाकडं बघता बघता एकदम लख्ख आठवलं. सोळा वर्षांपूर्वीचा माझा खोटेपणा. स्कूटर तिथंच वळवली.

"फादर," मी खाटेजवळ हात जोडून उभा राहिलो, "मी तुमचं ऐकलं नव्हतं. या झग्यात मार्जिन आहे. भरपूर आहे."

फादर हसले. फार दिवसांनी हसले असावेत, कारण सिस्टर दारातून धावत आली.

"माहीत आहे मास्तर. बारीक उसवलेलं मीच शिवायचो ना. दुसऱ्याच वर्षी दिसलं होतं."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"माझं नव्हतं ते. तुम्ही ठेवलेलं होतं. तुमच्या शब्दाशिवाय कसं मागू?"

मी खाली बसलो. पाय धरायची आमच्यात रीत नाही आणि त्यांनाही ते चाललं नसतं, नाहीतर धरले असते. ज्या माणसानं स्वतःच्या शिवणीतलं कापडही स्वतःचं मानलं नाही, त्याच्यापुढं आपण दोन इंचांचे हिशेब करत जन्म काढला, असं वाटून गेलं.

मठाचे प्रमुख म्हणाले, "झगा झगाच राहणार असेल तर जादाचं काढा." मी तिथंच माप घेतलं. एकतीस. मग झगा दुकानात आणून उलटा केला आणि ब्लेडनं सगळ्या शिवणी उसवल्या. आतलं कापड बाहेर आलं ते गडद तपकिरी, पहिल्या दिवसासारखं. ऊन नाही, धूळ नाही, घाम नाही. बाहेरचा झगा विटून मातीच्या रंगाचा झाला होता आणि आत हे सगळं कोरं राहिलं होतं. शिवाय अंग इतकं उतरलेलं, की बाजूंनी आणखी हातभर पट्टे निघाले. सात हव्या होत्या, एकतीस पट्ट्या निघाल्या. ज्या अंगासाठी कापड ठेवलं होतं ते अंग वाढलंच नाही, त्यांचा संघ वाढला.

पट्ट्या घेऊन गेलो तेव्हा सिस्टर सुशीलानं एक हातात घेतली आणि तिचा चेहरा पडला. "मास्तर, ह्ये तर कोरं निघालं. झिजलेलंच पायजे आसा नेम हाय आमचा."

मी फादरांकडं बघितलं. ते पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, "कोरीच बरी, सुशीला. माझं झिजवून झालं. आता ही यांनी झिजवायची."

रविवारी फादरांना खुर्चीतून चर्चमध्ये नेलं. सात जणींना पट्ट्या दिल्या त्या त्यांनी स्वतःच्या हातानं. उरलेल्या चोवीस आजही भगिनींच्या घरी पत्र्याच्या डब्यात आहेत. खरं तर आता चोवीस नाहीत, एकोणीसच. मधूनमधून सिस्टर सुशीलाचा फोन येतो, "मास्तर, आजून एक लागली वो," आणि मला दिवसभर बरं वाटतं. फादर त्या रविवारनंतर नऊ दिवसांनी गेले.

पण मला सांगायचं आहे ते आदल्या शनिवारचं. झगा एकतीसच्या मापानं शिवून मी ट्रायलला घेऊन गेलो होतो. आयुष्यातला पहिला आणि शेवटचा, मार्जिन न ठेवता शिवलेला कपडा. शिवताना करीमभाईंचे शब्द कानात वाजत होते आणि मशीन दोनदा थांबवावं लागलं. सिस्टरनं फादरांना उठवून बसवलं, आम्ही दोघांनी झगा अंगात घातला. खांदा खांद्यावर बसला, मुंढा काखेत बसला, कुठं चुणी नाही की सैल नाही. माझ्या हातून इतकं नेमकं काही कधी शिवलं गेलं नाही.

फादरांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, मग मला विचारलं, "मास्तर, आत काही राहिलंय?"

मी दोन्ही बाजू वरपासून खालपर्यंत चाचपल्या. बाह्या चाचपल्या, खालची किनार चाचपली. सगळीकडं नुसता दोरा हाताला लागत होता.

"नाही फादर. काहीच नाही."

"मग बरोबर बसला," ते म्हणाले.